घोट्याखालचं घराणं

माणसाच्या अंगातली वीज किती वेगाने धावते हे मोजणं, हा माझा धंदा होता. लग्नकार्यात कुणी विचारलं, "ताई, काय करता?" आणि मी हे सांगितलं, की समोरचा आधी आदराने पाहायचा आणि मग म्हणायचा, "म्हणजे वायरमन?" सुरुवातीला मी वाद घालत असे. पुढे सोडून दिलं. वायरमनच्या आणि माझ्या कामात तसा फार फरक नव्हता. फक्त तारा कुणी बसवल्या हे त्याला माहीत असतं, आणि बिघाड सापडला की तो दुरुस्तही करतो. मला दुसरी गोष्ट कधी जमली नाही, आणि पहिलीबद्दलचा माझा गोंधळ निवृत्तीनंतरही मिटलेला नाही.

जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी नसांच्या तपासणीची तंत्रज्ञ होते. नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत आणि हातापायांची तक्रार मेंदूपर्यंत नेणाऱ्या. काम ऐकायला अवघड, करायला सोपं. अंगठ्याच्या बुडाशी एक चकती चिकटवायची. मनगटावर विजेचा बारीक झटका द्यायचा, अंगठा उडतो. मग कोपराजवळ झटका द्यायचा, अंगठा पुन्हा उडतो, पण किंचित उशिरा. तो उशीर यंत्र मोजतं. मनगट ते कोपर हे अंतर मी मोजायचे, शिंप्याकडे असते तसल्या टेपने. अंतर भागिले वेळ. पाचवीचं गणित. निरोगी हातात ही वीज सेकंदाला पन्नास मीटरच्या पुढे धावते. एवढ्या गणितासाठी परदेशी यंत्र, एसीची खोली आणि दारावर 'अत्याधुनिक' असा शब्द लागतो.

या यंत्राचं उद्घाटन एका मोठ्या पुढाऱ्याच्या हस्ते झालं होतं. त्यांना उकडू नये म्हणून सकाळपासून एसी पूर्ण सोडून ठेवलेला. नारळ फुटला, फीत कापली, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांना वाटलं, पहिली तपासणी पुढारीसाहेबांचीच करावी. मी चकती लावली. हात बर्फासारखा. थंड नसेत वीज हळू धावते, हे पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं, पण समारंभात पुस्तक कोण उघडतो? पडद्यावर आकडा आला तो आजाऱ्याला शोभेल असा.  तेवढ्यात साहेबांच्या बरोबरचा एक जण मोठ्याने म्हणाला, "साहेब कोणतीच गोष्ट घाईने करत नाहीत." टाळ्या पडल्या. डॉक्टरसाहेबांनी तो कागद फाडून खिशात घातला आणि मी दुसऱ्या दिवशी पाणी तापवायला गिझर आणि एक टब मागून घेतला.

पेशंट मला 'शॉकवाल्या म्याडम' म्हणत. एक गृहस्थ दर अमावस्येला यायचे. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. "म्याडम, मागच्या बारीला तुमी शॉक दिला, तवापासून अंग कसं मोकळं झालं. जरा पाठीतबी मारा." हा उपचार नाही, हे मी त्यांना जितकं समजावलं, तितका त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढत गेला.

माझे वडील अंबड तालुक्यात प्राथमिक शिक्षक. रविवारी विहारात वंदना झाली की आम्हा मुलांना त्यांचं एकच सांगणं असे: कुणी म्हणतं म्हणून मानू नका, तपासून बघा. त्यांना काय कल्पना, की मुलीला तपासून बघण्याचाच पगार मिळेल आणि तरीही नेमकं काय मानायचं ते तिला कळणार नाही.

मला ज्या आजाराबद्दल लिहायचं आहे तो वंशपरंपरेने येतो. त्याच्या नावात तीन डॉक्टरांची आडनावं आहेत. रोग्याचं एकही नाही. तो समजून घ्यायला आधी नस कशी असते ते सांगावं लागेल.

कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्यात एक पेशी असते. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढीशी. पण तिचा एक धागा निघतो तो थेट पायाच्या पंजापर्यंत जातो. एका पेशीचा हातभर नव्हे, पायभर लांब धागा. त्याला लागणारं बहुतेक सामान, दुरुस्तीचा माल, ऊर्जा देणाऱ्या बारीक भट्ट्या, सगळं वर त्या पेशीत तयार होतं आणि धाग्याच्या आतल्या रुळांवरून खाली पोचवावं लागतं. आमच्याकडे कालव्यावर शेती असलेल्या माणसाला हे लगेच समजतं. कालवा कुठेही फुटो, पाणी आधी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतात बंद होतं. म्हणून हा आजार पायांपासून सुरू होतो. पाय हे शरीराचं टेल.

त्या धाग्यावर वेष्टण असतं. पाण्याची जळालेली मोटार पुन्हा भरणारा मेकॅनिक तारेवर चिकटपट्टी गुंडाळतो तसं. गुंडाळण्याचं काम दुसऱ्या पेशी करतात. दोन वेष्टणांच्या मध्ये बारीक फट असते आणि वीज या फटीतून त्या फटीत उड्या मारत जाते, म्हणून वेगात जाते. या वेष्टणात एक प्रथिन लागतं. ते कसं करायचं याची कृती आपल्या प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या आजारात दोनाच्या तीन झालेल्या असतात. बाकी काही नाही. कृतीत चूक नाही, प्रथिनात खोट नाही. फक्त ते जास्त तयार होतं. पेशीला त्याची नीट घडी घालून ते जागेवर पोचवता येत नाही. ते आतच साचतं. वेष्टण ढिलं पडतं, सुटतं, पुन्हा गुंडाळलं जातं, पुन्हा सुटतं. कांद्यासारखे पापुद्रे चढतात. नस जाड होते, विजेचा वेग अर्ध्यावर येतो, आणि काही वर्षांनी आतला धागाच खालच्या टोकाकडून वाळत जातो.

सत्कारसमारंभात एकामागून एक शाली घालून माणसाला इतकं गुंडाळतात की शेवटी त्याचं भाषण ऐकू येत नाही. हा आजार तसा आहे. हे मला कळलं तेव्हा माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. कमी पडल्याने माणूस आजारी होतो हे आमच्या भागात कुणालाही पटतं. चांगली गोष्ट जास्त झाल्याने होतो, हे कुणाला आणि कसं पटवायचं?

आता त्या कुटुंबाची गोष्ट. नावं मी बदलली आहेत.

ऐन थंडीत शहागडहून चौघं आली. सोपान हा कुटुंबप्रमुख. हायवेला त्याचं चहा-नाष्ट्याचं हॉटेल. त्याची थोरली विधवा बहीण गयाबाई, जिला सगळे गयाक्का म्हणत. सोपानची बायको मंदाबाई. आणि थोरला मुलगा योगेश, विशीचा, पोलीस भरतीसाठी रोज पळण्याचा सराव करणारा. तिघं जीपने आली आणि योगेश एकटा मोटारसायकलवर, जीपमध्ये जागा असूनही. हे मला खटकलं, पण विचारलं नाही.

सोपान आणि गयाक्का दारातून आत आले तेव्हाच मी आजार ओळखला. त्यात माझी काही हुशारी नाही, तो लांबूनच दिसतो. पंजा उचलला जात नाही, लोंबतो. म्हणून माणूस गुडघा उंच उचलून पाऊल टाकतो, ताज्या नांगरटीतून चालल्यासारखा, आणि पंजा फरशीवर फट्‌कन आपटतो. पोटऱ्या काठीसारख्या. पायाची कमान उंच, बोटं वाकलेली. गयाक्काच्या हातांची बोटंही वाकली होती.

मी सोपानला म्हटलं, "या, झोपा कॉटवर."

"मला न्हाई, म्याडम. पोराला तपासायचंय," सोपान म्हणाला. "त्याला ह्यो आजार हाय का बघा."

"त्याला काय त्रास होतो?"

"काईच तरास न्हाई. म्हणून तर आणला."

माझा चेहरा बघून गयाक्का पुढे झाली. तिचं बोलणं आडकित्त्यासारखं होतं.

"आवं, आमच्या घराण्याची चाल हाय ही. माझ्या बापाची व्हती, आज्याची व्हती. सोपानाची हाय, त्याच्या धाकट्या पोरीची हाय. ह्या एकट्याचीच न्हाई. कुणाचा पाय घिऊन आलाय, ते बघायचंय."

मंदाबाई भिंतीकडे बघत उभी होती. योगेश दाराबाहेर.

मग गयाक्काने मला त्यांच्या घरातली रीत सांगितली. पोर पाच-सहा वर्षांचं झालं, की त्याचा पाय परातीतल्या पाण्यात बुडवायचा आणि कोरड्या फरशीवर उभं करायचं. घरातली मोठी माणसं भोवती बसतात. ठसा तुटका उमटला, म्हणजे टाच वेगळी, बोटं वेगळी, मध्ये काहीच नाही, तर पोर घराण्याचं. गूळ वाटायचा. ठसा भरलेला आला, तर गूळ नाही. योगेशचा ठसा भरलेला आला होता. धाकट्या मुलीचा तुटका. तेव्हापासून मंदाबाई त्या घरात काय ऐकत आली असेल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी थक्क झाले. कमान उंच असली की मधला भाग जमिनीला टेकत नाही, म्हणून ठसा तुटतो. पायाच्या डॉक्टरांकडेही हीच ओल्या पायाची परीक्षा असते. म्हणजे या घराण्याने कुठल्याही यंत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आजाराची बिनचूक तपासणी चालवली होती. फक्त निकाल उलटा वाचला होता. ज्याला आजार, त्याला गूळ.

आणि मजा अशी, की योगेशचं नाक, कान, भुवया, हसताना एका बाजूला जाणारा ओठ, सगळं सोपानचं. एका साच्यातून काढल्यासारखं. पण या घरात घोट्याच्या वर कुणी पाहतच नव्हतं.

आता निकाल लागायची वेळ आली होती, कारण सोपानला हॉटेलात उभं राहणं जमेना. गल्ला पोराकडे द्यायचा, तर गयाक्का म्हणे, परक्याच्या हातात गल्ला देणार न्हाई. आणि मंदाबाईने सांगून टाकलं होतं, की पोराला परका म्हणायचं असेल तर मी त्याला घेऊन माहेरी जाते. म्हणून सगळे आले होते विजेकडे न्याय मागायला.

मी आधी सोपानला तपासलं. वेग वीस-बावीस मीटर. निरोगी माणसाच्या निम्म्याहून कमी. सोपानने विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं, की निरोगी माणसाला पन्नास असतो, या आजारात तो कमी येतो. त्याने ते मनात पक्कं धरलं.

मग योगेश आला. कॉटवर झोपला, हात पुढे केला. मी घाईत त्याचा हात धरूनही न पाहता चकती लावली, झटका दिला. पडद्यावर आकडा आला: चाळीस.

"कमी हाय!" सोपान खुर्चीतून उठलाच. "पन्नास म्हणल्या ना तुमी? मंग हा कमीच हाय!"

गयाक्का दोन्ही हातांनी टेबल धरून उभी राहिली, पोराजवळ गेली, आणि आपली वाकडी बोटं त्याच्या केसांतून फिरवली. "बापा रे," एवढंच म्हणाली.  योगेश मात्र माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांसमोर भरतीचं मैदान असणार.

मी त्याचा हात धरला. दगडासारखा थंड. एवढ्या थंडीत शहागडहून जालन्यापर्यंत हातमोजे न घालता गाडी चालवलेला हात.

"हात गार आहे," मी म्हणाले. "गरम पाण्यात ठेवून परत करावं लागेल. गार हातात आकडा खोटा कमी येतो."

मी टब घेऊन गिझरकडे गेले. मागे चपला वाजल्या. मंदाबाई.

"म्याडम, पाणी घालावंच लागतं का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"मंग आकडा वाढंल?"

"वाढेल असं वाटतं."

ती नळाकडे बघत राहिली. "आजार निघाला तर माझं नाव ऱ्हातंय. न्हाई निघाला तर पोराचे पाय ऱ्हात्यात. म्या काय मागू, तुमी सांगा."

मी पुष्कळ वाचलेली बाई आहे.  तरी मी नुसता नळ सोडला, टब भरत आला. मंदाबाईने पदराने डोळे पुसले, बोट घालून पाणी बघितलं आणि म्हणाली, "अजून गरम सोडा. एवढ्यानं काय व्हतंय? लई गारठलाय त्यो." आणि भरलेला टब स्वतः उचलून आत घेऊन गेली. पोराचा हात तिनेच पाण्यात धरला. बराच वेळ.

मग मी पुन्हा मोजलं. चोपन्न. दुसरा हात, तोही तसाच. पाय, तेही उत्तम. असल्या नसा मी फार थोड्या पाहिल्या.

सोपान पडद्याजवळ आला. त्याचा आवाज पडला होता. "म्याडम, पयला आकडा बराबर व्हता. त्योच छापा."

"तो खोटा होता, सोपानराव."

"आसंल. पर मशिनीनंच दिल्ता ना? तुमी कुठं मनानं सांगून राह्यल्या?"

"मी नाही छापणार."

"पोरगं माझं ऱ्हाईल, म्याडम." त्याने हात जोडले. "आजाराचं काय, म्या जगलोच की."

तोवर मला वाटत होतं, की या माणसाला पोर नको आहे म्हणून त्याने तपासायला आणलंय. ते उलटं होतं. पोराला आपलं म्हणायला त्याला कुणाची तरी परवानगी हवी होती, आणि ती त्याला आजाराकडूनच मिळणार होती. आजही ते आठवलं की त्याच्यावर रागवावं की त्याची कीव करावी ते मला ठरवता येत नाही.

डॉक्टरसाहेबांना या सगळ्याचा पत्ता नव्हता. त्यांनी रिपोर्ट पाहिला, उभे राहिले, योगेशशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "अभिनंदन! ऑटोसोमल डॉमिनंट, म्हणजे एकट्या बापाकडूनही उतरणारी कंडिशन असूनही मुलगा पूर्ण निरोगी! पेढे आणा पेढे!" समोर गयाक्काने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, सोपानने मान खाली घातली, मंदाबाईने ओठ मिटले. मयताच्या घरात वाजंत्री घेऊन शिरल्यावर माणसाचं तोंड जसं होईल तसं डॉक्टरसाहेबांचं झालं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मी सांगितलं. त्यांनी लगेच उपाय काढला.

"मग डीएनए करून टाकू. बाप कोण ते रक्तावरून कळतं. प्रश्नच मिटला."

मंदाबाई तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "न्हाई. एकदा पाण्यानं पाह्यलं, आज विजेनं पाह्यलं. आता रगत देणार न्हाई. ज्यांना मानायचं त्यांनी तोंड बघून मानावं." आणि योगेशला म्हणाली, "चल. गाडी काढ."

मायलेक मोटारसायकलवरून तिच्या माहेरी, अंतरवाली सराटीला निघून गेले.

सोपान जीप बघायला बाहेर गेला. गयाक्का बाकावर बसून राहिली होती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"गयाक्का, तुमच्या सोपानकडे बियाण्याची दोन पाकिटं आहेत असं समजा. एक त्याला त्याच्या आईकडून आलेलं, चांगलं. एक बापाकडून, बिघडलेलं. प्रत्येक पोराला तो डोळे झाकून एकच पाकीट देतो. कोणतं जाईल ते त्याच्या हातात नाही. धाकटीला बिघडलेलं गेलं. योगेशला चांगलं गेलं असेल."

जालन्याच्या आसपास बियाण्याचं पाकीट कुणाला समजवावं लागत नाही. 

"म्हंजे चांगलं पाकीट ज्याला गेलं, त्योबी त्याचाच?"

"त्याचाच असू शकतो." मी शब्द जपून वापरला. खरं तर चांगल्या नसांवरून बाप कोण हे काहीच ठरत नाही. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही.

"आन् आसं घरटी एखादं निघतंच?"

"एखादं कशाला, निम्मी निघू शकतात. तुमच्या घरात कुणीच निघालं नाही का?"

 गयाक्का म्हणाली, "निघाला व्हता. दामू. आमचा मधला भाऊ."

दामूचा ठसा भरलेला आला, तेव्हा गयाक्का लहान मुलगी होती. फरशीभोवती बसलेल्यांत तिनेच आधी पाहिलं आणि अंगणात ओरडत गेली, दामूचा पाय भरला, दामूचा पाय भरला. त्यानंतर तिच्या बापाने तिच्या आईच्या हातचं पाणी घेतलं नाही. आई मरेपर्यंत एकच सांगत राहिली, पोरगं ह्यांचंच हाय. कुणी ऐकलं नाही. दामू मिसरूड फुटायच्या आत घर सोडून अंकुशनगरला कारखान्यावर कामाला लागला आणि तिथलाच झाला. आईच्या मातीलाही त्याला कुणी बोलावलं नाही.

"मंग माय खरं बोलत व्हती का वो म्याडम?" गयाक्काने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. हे खरं उत्तर होतं आणि मला त्याची लाज वाटली. "पण ती खोटं बोलत होती असं ठरवायला तुमच्याकडे काहीच नव्हतं."

जीप आली. ती फट्‌फट् पावलं टाकत गेली.

थंडी सरता सरता गयाक्का पुन्हा आली. बरोबर सोपान, आणि एक सरळ चालणारा, पिकल्या मिशांचा म्हातारा. दामूकाका. मंदाबाई आणि योगेशलाही तिने निरोप धाडून बोलावलं होतं. ती दोघं लांबच्या बाकावर बसली.

"ह्याला शॉक द्या," गयाक्का म्हणाली.

"कशाला? त्यांना काहीच झालेलं नाही."

"म्हणूनच द्या."

दामूकाका मिशीत हसला. "द्या म्याडम. हिनं इतक्या वर्सांनी घरी यिऊन पाय धरले. म्हणली, चल, शॉक खायला चल. असं आवतण कुणाला यितंय?"

मी त्यांचा हात आधी कोमट पाण्यात ठेवला आणि मोजलं. वयाच्या मानाने झकास. गयाक्का पडद्याला नाक लावून उभी होती.

"पन्नासाला टेकला?"

"टेकला."

ती भावाकडे वळली. "दामा, तुला चांगलं पाकीट गेल्तं रे. मायनं काय न्हाई केलं."

मला राहवलं नाही. "गयाक्का, यावरून ते सिद्ध होत नाही. मी तुम्हाला तेव्हाच म्हणाले होते, नुसत्या आकड्यावरून—"

"म्याडम," तिने मला थांबवलं, "इतकी वर्सं पाण्याच्या ठशावर माय खोटी ठरवली, तवा कुणी आलं न्हाई सांगाया. आता तुमच्या आकड्यावर खरी ठरून राह्यली, तर तुमचं काय जातंय?"

 चुकीच्या हिशोबाने बरोबर उत्तर आलं तर वडील मार्क देत नसत. पण इथे उत्तर बरोबर आहे की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि न द्यायला माझ्याकडे मार्क तरी कुठे होते?

गयाक्का मंदाबाईच्या बाकापाशी गेली. "मंदे, चल घरी."

मंदाबाई जागची हलली नाही. "आक्का, तुमचं झालं. तुमाला भाऊ घावला, माय घावली. माझं ह्यांनी बोलावं." तिने सोपानकडे पाहिलं. "मशीन काय म्हणती ते न्हाई, आक्का काय म्हणती ते न्हाई. तुमी काय म्हणता?"

सोपानने योगेशकडे पाहिलं. या वेळी त्याच्या पायांकडे नव्हे.

"माझाच हाय," तो म्हणाला.

"आदी काहून न्हाई म्हणलात?"

 नसेत बिघाड असला की हुकूम निघतो, पण पोचायला उशीर होतो, हे मी आयुष्यभर लोकांना समजावलं. काही हुकूम मुळात निघतच नाहीत. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

"यिते," मंदाबाई उठली. "पर हितं चार भिंतीत म्हणलात, तसं हाटेलापुढं म्हणायचं. गिऱ्हाइकं बसलेली आसताना. सगळ्यांनी 'परका' तिथंच ऐकलंय, आता हेबी तिथंच ऐकू द्या."

सोपानने मान डोलावली. दामूकाका म्हणाला, "चला, म्याबी यितो. त्यो काय म्हणतो ते ऐकाया एक गिऱ्हाईक तर पायजे."

ती सगळी गेली. मी शहागडला गेले नाही, त्यामुळे सोपान तिथे बोलला की नाही हे मला कळलं नाही. नंतर मी निवृत्त झाले. दवाखान्याने शाल दिली.

अलीकडे बीडला एका लग्नाला जाताना बस शहागडला वेग कमी करून पुढे गेली. सोपानचं हॉटेल कोणतं ते मला माहीत नव्हतं, पण ओळखलं. गल्ल्यावर योगेश बसला होता आणि मंदाबाई आत कुणावर तरी ओरडत होती. बाहेर लाकडी बाकावर सोपान, दामूकाका आणि गयाक्का ओळीने बसून चहा पीत होते. तिघांची नाकं सारखी, बशी धरायची पद्धत सारखी. कोणाचे पाय कसे, ते बसलेल्या माणसांवरून कळत नाही.